मिश्र सुरांचा अपराध : ‘जुलुका’ची हकीकत

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे राजे, लढाया, तह आणि कायदे उभे राहतात. अशा व्यासपीठावरून गिटार वाजवणाऱ्या आणि पाय आपटून नाचणाऱ्या मंडळींची हकीकत इतिहास म्हणून सांगावयास आम्ही उभे राहिलो आहोत, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. पण कायद्याचा खरा अर्थ कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडतो. तो ज्याच्या अंगावर येऊन आदळतो, त्याच्या रोजच्या जगण्यात सापडतो. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून १९९४ पर्यंत वर्णभेदाचे जे राज्य चालले, त्याचे मर्म समजावून घ्यावयाचे असेल तर ‘जुलुका’ नावाच्या वाद्यवृंदाची कहाणी ऐकावी. ह्या मंडळींनी बंदूक उचलली नाही. त्यांनी दोन तऱ्हांचे संगीत एकत्र केले आणि ते एका मंचावर उभे राहून गायले. त्या राज्यात तेवढेही धोक्याचे होते.

आजकाल सुरांची सरमिसळ ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणत्याही महोत्सवात जावे, तबल्याशेजारी गिटार असते आणि सारंगीशेजारी ड्रम. त्यास लोक ‘फ्यूजन’ म्हणतात. त्यातले किती टिकते आणि किती त्या संध्याकाळपुरते असते, हा प्रश्न आपणांसही पडत असेल. आमच्या मते अशा मिलाफाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी. एकत्र आणणाऱ्याने दुसऱ्याच्या दाराशी बसून शिकण्याचे कष्ट घेतले काय? आणि त्या मिलाफाची किंमत कोणी किती मोजली? ‘जुलुका’च्या कहाणीत ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले उत्तर मोठे समाधान देणारे आहे. दुसरे तितके सुखाचे नाही.

प्रथम तो देश पाहू. १९४८ साली तेथे नॅशनल पार्टी सत्तेवर आली. काळ्या बहुसंख्य प्रजेला त्या निवडणुकीत जवळजवळ स्थानच नव्हते. पुढील पाचसहा वर्षांत ह्या सरकारने कायद्यांची एक भिंतच उभारली. १९४९ मध्ये गोऱ्यांचे इतर वर्णीयांशी विवाह निषिद्ध ठरले. १९५० मध्ये प्रत्येक माणसाचा वंश सरकारदप्तरी नोंदविण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ‘ग्रूप एरियाज ॲक्ट’ म्हणजे वंशवार वस्त्यांचा कायदा आला. कोणी कोठे राहावे, कोठे दुकान घालावे, हे त्याने कातडीच्या रंगावरून ठरविले. १९५२ च्या कायद्याने काळ्या माणसाला शहरात पाऊल ठेवण्यासाठी पासाचे पुस्तक सदैव जवळ बाळगणे सक्तीचे झाले. १९५३ च्या कायद्याने बाके, बस, समुद्रकिनारे आणि सभागृहेसुद्धा वेगळी झाली. ह्या भिंतीखाली भारतीय वंशाचे लोकही सापडले. दरबानच्या केटो मॅनर भागातून आणि जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यूमधून कित्येक भारतीय कुटुंबांना पिढ्यांची घरेदारे सोडून शहराबाहेर जावे लागले.

ह्या सर्व कायद्यांचे सूत्र एकच होते. निरनिराळे वंश म्हणजे निरनिराळ्या संस्कृती, प्रत्येकीने आपापल्या कुंपणात राहावे, आणि एकमेकांत मिसळणे हा निसर्गाचाच भंग होय, असे राज्यकर्त्यांचे तत्त्वज्ञान होते. म्हणून मिसळणाऱ्याचा अपराध तेथे साधा नव्हता. तो राज्याच्या पायावरच बोट ठेवीत असे.

आता ह्या कुंपणांच्या आतील एका जगाकडे वळू. जोहान्सबर्ग हे सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले शहर. खाणींना, कारखान्यांना आणि गोऱ्यांच्या घरांना मजूर हवे होते, पण ते मजूर शहराचे रहिवासी व्हावेत हे सरकारला नको होते. त्यामुळे नाताळ प्रांतातील झुलू खेड्यांतून पुरुष तेवढे एकटे येत. बायकामुले आणि गुरे गावी राहत. हे पुरुष ‘होस्टेल’ नावाच्या मोठमोठ्या बराकींत खाटेला खाट लावून राहत आणि वर्षातून एकदा गावी जात. अशा जगण्यातून एक संगीत निर्माण झाले. त्याला ‘मस्कांदा’ म्हणतात. वादक ह्या अर्थाच्या आफ्रिकान्स भाषेतील शब्दापासून हे नाव आले आहे.

मस्कांदाचे मुख्य वाद्य गिटार. गिटार पाश्चात्त्य खरे, पण झुलू मजुराने तिला आपली करून घेतले. तारांची नेहमीची जुळणी त्याने बदलली. अंगठ्याने खालचे स्वर आणि बोटांनी वरची धून अशी दोन पदरी वीण तो विणू लागला. गाण्याच्या आरंभी तो सुरांची एक झरझर फेरी घेतो. तिला ‘इझिहलाबो’ म्हणतात. आपला गवई प्रथम रागाचे स्वर दाखवितो, तसेच ते आहे. गाण्याच्या मध्येच तो वेगाने बोलू लागतो. आपले नाव, कूळ, गाव, नदी यांची बिरुदावली गातो. तिचे नाव ‘इझिबोंगो’. शाहिराची मुद्रा आणि भाटाची ब्रीदावळी यांचा तो संगमच म्हणावा. रविवारी सुट्टीच्या दिवशी होस्टेलच्या अंगणात नाचाचे संघ उतरत. ‘इसिशामेनी’ नावाच्या नृत्यात नर्तक पाय डोक्याच्या उंचीपर्यंत नेऊन असा आपटतो की जमीन हादरावी. येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. दरबानमध्ये ‘गॅलोटोन’ नावाची स्वस्त गिटार तयार होत असे. तशीच एक गिटार १९५७ च्या सुमारास इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी जॉन लेनन नावाच्या पोराच्या हाती होती. हाच पुढे ‘बीटल्स’चा गायक झाला. म्हणजे रॉक संगीत आणि आफ्रिका यांची सोयरीक आपण समजतो त्याहून जुनी आहे.

आमच्या कहाणीचा पहिला नायक ह्या होस्टेलच्या भिंतीबाहेर वाढला. जॉनी क्लेग हा ७ जून १९५३ रोजी इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये जन्मला. आई ऱ्होडेशियाची, क्लबांतून गाणारी गायिका. बालपण ऱ्होडेशिया, झांबिया आणि जोहान्सबर्ग असे फिरतीत गेले. सावत्र वडील वार्ताहर होते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने आपल्या वस्तीत एक माणूस रस्त्यावर गिटार वाजविताना ऐकला. त्याचे नाव चार्ली म्झिला. इमारतींत झाडलोट करणारा तो झुलू नोकर होता. हा मुलगा त्याच्यामागे लागला आणि त्याचा शिष्य झाला. त्या समाजात गोऱ्या मुलाने काळ्या झाडूवाल्याला गुरू करणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या देशात कोणाला समजावून सांगावी लागू नये. गुरूबरोबर मुलगा होस्टेलांत जाऊ लागला, झुलू बोलू लागला, नाचाच्या संघात पाय आपटू लागला. परवान्यावाचून काळ्यांच्या वस्तीत शिरल्याबद्दल पोलिसांनी त्याला पकडले, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. पुढेही असे प्रसंग वारंवार आले.

दुसरा नायक सिफो म्चुनू. तो १९५१ साली नाताळमधील क्रान्सकॉपच्या परिसरात जन्मला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. गुरे राखता राखता तो गिटार शिकला आणि १९६९ च्या सुमारास पोटासाठी जोहान्सबर्गला येऊन माळीकाम करू लागला. एक गोरा पोरगा झुलू गिटार वाजवितो, हे त्याच्या कानी आले. त्याला ते खरे वाटेना. तो आपली गिटार घेऊन त्या पोराचे घर शोधीत आला, सामना लावावयास! आपल्याकडे कलगी आणि तुरा समोरासमोर बसत, तसाच तो सवाल-जवाब. सामन्याचा शेवट मैत्रीत झाला. ह्या मैत्रीत एक मोलाची गोष्ट होती. गोरा मुलगा येथे दाता नव्हता, उपकारकर्ता नव्हता; तो शिकाऊ होता, आणि समोरचा त्याच्याहून जाणता होता.

काही वर्षे दोघे ‘जॉनी आणि सिफो’ ह्या नावाने वाजवीत. कोठे? सार्वजनिक सभागृहे त्यांना बंद. गोऱ्यांच्या सभागृहात सिफो चालत नसे आणि काळ्यांच्या वस्तीत जॉनीला परवाना लागे. म्हणून ते खासगी घरांत, चर्चच्या दालनांत, विद्यापीठांत आणि होस्टेलांत वाजवीत. पोलीस येऊन कार्यक्रम मोडीत, तो पुन्हा दुसरीकडे उभा राही. दरम्यान क्लेगने विटवॉटर्सरँड विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि तो तेथे व नाताळ विद्यापीठात काही काळ अध्यापक झाला. झुलू मजुरांचे संगीत आणि इसिशामेनी नृत्य ह्या विषयांवर त्याने अभ्यासपूर्ण निबंध लिहिले. ज्या कलेपायी पोलिसांनी त्याला पकडले, तीच त्याने विद्यापीठाच्या वर्गात नेली.

१९७६ मध्ये ह्या जोडीची पहिली छोटी तबकडी निघाली : ‘वोझा फ्रायडे’. ‘वोझा’ म्हणजे ‘ये’. नाव अर्धे झुलू, अर्धे इंग्रजी. येथे नवीच अडचण उभी राहिली. सरकारी नभोवाणीची केंद्रे भाषावार वाटलेली होती. इंग्रजीचे वेगळे, आफ्रिकान्सचे वेगळे, आणि १९६० पासून काळ्यांसाठी ‘रेडिओ बंटू’, त्यातही झुलूचे वेगळे, सोथोचे वेगळे. प्रत्येक भाषा शुद्ध राहिली पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा कटाक्ष होता. ज्या गाण्यात दोन भाषा एका दमात येतात, ते कोणत्या केंद्रावर लावावयाचे? ते कोठेच बसेना. भाषाशुद्धीचे नाव घेऊन माणसांना वेगळे ठेवण्याची ही युक्ती होती.

ह्या संदर्भात त्याच देशातील एक जुना प्रसंग आठवतो, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले गांधीजींच्या निमंत्रणावरून दक्षिण आफ्रिकेत गेले होते. जोहान्सबर्गला भारतीयांची सभा होती. श्रोत्यांत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय होते. गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे आणि आपण त्याचे हिंदुस्थानी भाषांतर करावे, असे गांधीजींनी सुचविले. ही सूचना ऐकून गोखल्यांना हसू आवरेना! तरीही त्यांनी ते मानले, आणि पुढे परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंतच्या अशा सभांतून ते मराठीतच बोलले. जोहान्सबर्गच्या व्यासपीठावर मराठी आणि हिंदुस्थानी अशा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि त्याने कोणतीही भाषा बाटली नाही. स्वतःची भाषा अभिमानाने बोलणे आणि दुसऱ्याची भाषा प्रेमाने जवळ करणे, ह्यांत विरोध नसतो. सरकारी नभोवाणीला हे साधे सत्य मान्य नव्हते.

१९७९ साली ‘युनिव्हर्सल मेन’ ही त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका आली, आणि जोडीचा वाद्यवृंद झाला. त्याचे नाव ‘जुलुका’, म्हणजे घाम. हे सिफोच्या एका बैलाचेही नाव होते. निर्माता हिल्टन रोझेन्थाल ह्याने ह्या मंडळींना जवळ केले. गावी घर आणि शहरात खाट, असे दुभंगलेले आयुष्य जगणारा मजूर हाच ह्या गाण्यांचा विषय. सिफो गुमेडेसारखा बेस गिटारवादक आणि केप टाउनचा सॅक्सोफोनवादक रॉबी जॅन्सन ह्यांच्यामुळे त्यात जॅझचाही रंग उतरला.

ह्या संगीताची बांधणी कशी होती, हे थोडे उकलून पाहू. पाश्चात्त्य लोकगीत आणि रॉक ह्यांत कडवे आणि धृपद असा क्रम असतो. स्वरसंघ बदलत जातात आणि गाणे एका ठिकाणाहून दुसरीकडे प्रवास करते. झुलू गीत चक्राकार असते. एक आवर्तन पुन्हा पुन्हा येते, म्होरक्या आणि साथीदार एकाच वेळी आरंभ करीत नाहीत. एकाचे संपण्यापूर्वी दुसऱ्याचे सुरू होते, आणि दोघांचे स्वर एकमेकांवर चढतात. ‘जुलुका’ने बहुधा कडवी इंग्रजीत, पाश्चात्त्य चालीने बांधली आणि धृपद झुलू चक्रावर सोडले. इंग्रजी कडव्यात एकटा माणूस आपले मन सांगतो. धृपदात सारा समूह त्याला होकार देतो. गिटारीची वीण मस्कांद्याची, बासरी व सॅक्सोफोन शहरी, ड्रम रॉकचे, आणि मंचावर इसिशामेनीचे पाय. येथे मसाला म्हणून एक चिमूट आफ्रिका टाकलेली नव्हती. झुलू गिटार हा ह्या घराचा पायाच होता आणि रॉक त्यावर चढविलेला मजला होता.

१९८१ च्या ‘आफ्रिकन लिटनी’ ह्या ध्वनिमुद्रिकेतील ‘इम्पी’ हे गाणे फार गाजले. इम्पी म्हणजे झुलू सेना. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे भाले-ढालींच्या झुलू सेनेने आधुनिक बंदुकांच्या ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडविला. इंग्रजांच्या बाजूचे १३०० हून अधिक लोक एका दिवसात पडले. गोऱ्या शाळांतून हा इतिहास गोऱ्यांच्या नजरेने शिकविला जाई. तोच पराक्रम झुलूंच्या बाजूने, मिश्र वाद्यवृंदाच्या तोंडून, गोऱ्या तरुणांच्या कानी पडला. कालांतराने रग्बीच्या सामन्यांत तेथील गोरे प्रेक्षक हे गाणे गाऊ लागले. आपल्या पूर्वजांच्या शत्रूचा विजय आपलाच म्हणून गाणे, हे इतिहासाच्या धड्यांनी क्वचितच साधते. १९८२ ची ‘स्कॅटरलिंग्ज’ ही ध्वनिमुद्रिका आणि तिच्यातील आफ्रिकेच्या विखुरलेल्या लेकरांचे गाणे ब्रिटनमध्येही ऐकले गेले. १९८३ मध्ये ते तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पन्नासांत आले, आणि युरोप व उत्तर अमेरिकेचे दौरे झाले.

आणि अशा ऐन भरात, १९८५ साली, ‘जुलुका’ मोडली. भांडण झाले नाही. सिफो म्चुनूला घरी जावयाचे होते. नाताळमधील शेत, गुरे आणि कुटुंब त्याला बोलावीत होते. येथे आम्ही श्रोत्यांना क्षणभर थांबावयास सांगू. दोघे एकाच मंचावर उभे होते, एकाच टाळीचे धनी होते. पण दोघे एकाच देशात राहत नव्हते. क्लेगच्या वाटेत पोलीस आले, तरी त्याच्या खिशात पासाचे पुस्तक कधी नव्हते. त्याला विद्यापीठ होते, शिक्षण होते, आणि परदेशात ज्या भाषेत कीर्ती मिळते ती त्याची मातृभाषा होती. सिफोची गाणी होती मजुराच्या परतीच्या ओढीची. तो त्या गाण्यांतल्या माणसासारखाच परत गेला. जगाने पुढे ‘गोरा झुलू’ हे बिरूद क्लेगला बहाल केले. ज्याच्या बैलाच्या नावाने ही सगळी मिरवणूक निघाली, त्याचे नाव जगाच्या ओठांवर फारसे राहिले नाही. मिलाफ खरा असला तरी त्याचे फळ सारखे वाटले जाईलच असे नाही, हा कटू धडा येथे आहे.

१९८६ मध्ये क्लेगने दुसरा वाद्यवृंद उभारला : ‘सावुका’, म्हणजे आम्ही उठलो आहोत. त्यात डुडू झुलू हा नर्तक व तालवादक त्याचा जोडीदार होता. त्याच वर्षी जूनमध्ये देशभर आणीबाणी पुकारली गेली होती. ‘जुलुका’त जे सूचकतेने येई, ते ‘सावुका’त उघड आले. १९८७ च्या ‘थर्ड वर्ल्ड चाइल्ड’मध्ये ‘असिम्बोनांगा’ हे गाणे आहे. नावाचा अर्थ, आम्ही त्याला पाहिलेले नाही. ‘तो’ म्हणजे नेल्सन मंडेला. १९६२ पासून ते कैदेत होते. त्यांचे छायाचित्र छापण्यास बंदी असल्यामुळे एक अख्खी पिढी त्यांचा चेहरा न पाहता वाढली होती. गाण्यात आणखी तीन नावे उच्चारली जातात. स्टीव्ह बिको, १९७७ मध्ये पोलिसांच्या कैदेत मरण पावलेले. डॉक्टर नील ॲगेट, कामगार चळवळीतील गोरे कार्यकर्ते, १९८२ मध्ये कोठडीत मेलेले. व्हिक्टोरिया म्क्सेंगे, वकील, १९८५ मध्ये दरबानला घरासमोर मारल्या गेलेल्या. आणीबाणीच्या काळात ही नावे गाणे म्हणजे शोकसभा भरविणेच होते. गाण्यावर बंदी आली. फ्रान्समध्ये मात्र ‘सावुका’ अफाट लोकप्रिय झाली.

ह्याच सुमारास एक विपरीत गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेवर जगाने बहिष्कार घातला होता. त्यात आपला देश अग्रणी होता. १९४६ सालीच भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९८० साली राष्ट्रसंघाच्या आमसभेने कलावंतांनाही बहिष्काराची हाक दिली. ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेचा नियम होता की सभासदाने दक्षिण आफ्रिकेत वाजवू नये. क्लेग आपल्याच देशात वाजवीत होता. तरी १९८८ मध्ये त्याला संघटनेतून काढण्यात आले. त्याच वर्षी ११ जून रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा प्रचंड जलसा झाला. ज्याने मंडेलांचे गाणे रचले, त्याला त्या मंचावर जागा मिळाली नाही.

ह्याबद्दल बहिष्कार चुकीचा होता असे म्हणावयाचे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. बहिष्कार हे दुबळ्यांच्या हातातील सर्वांत सोज्ज्वळ शस्त्र आहे, आणि त्याचा उपयोग झाला. पण शस्त्र कितीही न्याय्य असले तरी त्याला डोळे नसतात. भिंत बाहेरून पाडणाऱ्यांचा एखादा धोंडा आतून पाडणाऱ्यालाही लागतो. चळवळ चालविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि धोंडा लागलेल्याने चळवळीचा द्वेष करू नये. क्लेग गात राहिला आणि मंडेलांच्या बाजूनेच गात राहिला, हे त्याला भूषणावह आहे.

किंमत मोजण्याचा प्रश्न आम्ही आरंभी काढला होता. तिचा हिशेब आता जड होत जातो. डेव्हिड वेब्स्टर हे विटवॉटर्सरँड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ, क्लेगचे शिक्षक आणि स्नेही. १ मे १९८९ रोजी जोहान्सबर्गमध्ये त्यांच्या घरासमोर त्यांची गोळी घालून हत्या झाली. क्लेगने पुढील ध्वनिमुद्रिकेत त्यांना गाणे वाहिले. त्याचा विषय एक माणूस, एक मत. १९९२ च्या मे महिन्यात डुडू झुलू मारला गेला. नाताळमध्ये टॅक्सीवाल्यांच्या टोळ्यांत वैर पेटले होते, आणि तो मध्यस्थी करावयास गेला होता. १९९३ च्या ‘हीट, डस्ट अँड ड्रीम्स’मध्ये त्याच्या स्मरणार्थ गाणे आहे. त्यानंतर ‘सावुका’ही थांबली.

पण तोवर भिंत कोसळू लागली होती. पासाचा कायदा १९८६ मध्ये गेला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला मुक्त झाले. १९९१ मध्ये वंशवार वस्त्यांचा आणि वंशनोंदणीचा कायदा रद्द झाला. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केले. १९९७ मध्ये क्लेग आणि म्चुनू पुन्हा एकत्र आले आणि ‘जुलुका’ची आणखी एक ध्वनिमुद्रिका निघाली. १९९९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे क्लेग ‘असिम्बोनांगा’ गात होता. प्रेक्षकांत एकाएकी जल्लोष उठला. त्याने वळून पाहिले, तो पाठीमागून स्वतः मंडेला नाचत मंचावर येत होते! ज्याला पाहिले नाही म्हणून गाणे रचले, तो गाण्यातच येऊन उभा राहिला. मंडेलांनी ते गाणे पुन्हा वाजवावयास लावले आणि श्रोत्यांना नाचावयास सांगितले.

२०१५ मध्ये क्लेगला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. २०१७ मध्ये त्याने निरोपाचा दौरा सुरू केला, आणि १६ जुलै २०१९ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, जोहान्सबर्गमध्ये त्याचे निधन झाले.

जाता जाता एका शब्दाचा विचार करू. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये काही तबकडी-कंपन्यांचे लोक जमले आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्या संगीतासाठी त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव रूढ करण्याचे ठरविले. अडचण व्यापाऱ्याची होती : ह्या तबकड्या दुकानात कोणत्या फळीवर ठेवाव्या? त्याआधी एक वर्ष, १९८६ मध्ये, अमेरिकन गायक पॉल सायमनची ‘ग्रेसलँड’ ध्वनिमुद्रिका जगभर गाजली होती. तिच्यातही दक्षिण आफ्रिकेचे वादक-गायक होते, आणि तिने त्यांना मोठे नाव मिळवून दिले, हे कोणी नाकारू नये. पण ‘जुलुका’ची पहिली ध्वनिमुद्रिका तिच्या सात वर्षे आधीची, आणि तिच्यामागची शागिर्दी तर आणखी दहा वर्षे जुनी. ते संगीत दुकानासाठी नाव सापडण्यापूर्वी जन्मले, होस्टेलच्या अंगणात वाढले आणि पोलीस चौकी पाहून मोठे झाले. नभोवाणीच्या अधिकाऱ्याला ते कोणत्या केंद्रावर लावावे हे कळेना, दुकानदाराला ते कोणत्या फळीवर ठेवावे हे कळेना. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; तरी सवय एकच, आधी खण करावयाचे आणि मग माणसे त्यांत बसवावयाची.

आपल्या समाजातही असे खण थोडे नाहीत. कोणाच्या हातून शिकावे आणि कोणाच्या हातून शिकू नये, हे ठरविणारे अलिखित कायदे कोणत्याही लिखित कायद्याहून चिवट असतात. चौदा वर्षांचा एक मुलगा झाडूवाल्याच्या पायाशी बसला, आणि शाळा न पाहिलेला एक माळी आपली गिटार घेऊन अनोळखी दारात उभा राहिला. ‘जुलुका’चा आरंभ एवढाच आहे. त्या दोघांपैकी कोणी ती पायरी ओलांडली नसती, तर कोणताही कायदा मोडला गेला नसता आणि कोणाला काही उणेही भासले नसते. मिश्र सुरांचे हे ऋण आपण मान्य केले, तर पुढच्या वेळी असे गाणे कानी पडताच त्यातील गोडव्याबरोबर त्यामागचा घामही आपल्याला ऐकू येईल. नावातच तो आहे.